अन्नदान आणि पोषण : दामाजीपंतांपासून जामखेडपर्यंत

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



शताब्दी व्याख्यानमालेत एक पुष्प मी गुंफावे, असे कार्यवाहांनी सुचविले तेव्हा संतवाङ्मयावरचा एखादा विषय त्यांच्या मनात असावा. मी कळविलेला विषय ऐकून ते दूरध्वनीवर क्षणभर थांबले आणि मग अत्यंत सौजन्याने म्हणाले, "सर, हा विषय डॉक्टरांचा नाही का?" त्यांची शंका रास्त होती. मी मराठीचा अध्यापक. जीवनसत्त्वांविषयी माझे ज्ञान आपल्या वाचनालयाच्या वैद्यकविषयक कपाटाएवढेच, आणि ते कपाट फार मोठे नाही हे आपण जाणताच. परंतु अन्नदान हा शब्द डॉक्टरांचा नाही. तो कीर्तनकारांचा, पोथीचा आणि आपल्या सप्ताहांचा आहे. त्या शब्दाने काय साधले आणि काय निसटले, हे पाहण्याचा अधिकार वाङ्मयाच्या अभ्यासकाला थोडाफार असावा, अशा समजुतीने मी आपल्यापुढे उभा आहे. शिवाय या विषयाशी माझा एक जुना, काहीसा खाजगी हिशेब आहे. आरंभी तोच सांगतो.

माझे गाव उदगीर तालुक्यातले. मारुतीच्या देवळात दर वर्षी अखंड हरिनाम सप्ताह होई आणि काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसाद. आमच्या घराकडे त्या महाप्रसादाची व्यवस्था तीन पिढ्या होती. गव्हाची गूळ घातलेली खीर, भात, आमटी, वांग्याची भाजी. पत्रावळी आणि द्रोण. आणि माझे आजोबा कमरेला उपरणे बांधून पंगतीतून फिरत असत. कोणीही विन्मुख जाऊ नये, असा त्यांचा कटाक्ष होता. तो प्रामाणिक होता, हे मला आजही निःशंकपणे म्हणावेसे वाटते. पंगती मात्र जातवार उठत, आणि शेवटची पंगत वेशीकडच्या बाजूला बसे, हेही तितक्याच निःशंकपणे सांगितले पाहिजे.

त्या शेवटच्या पंगतीत माझ्या वयाचा एक मुलगा असे. त्याचे वडील आमची गुरे राखीत. १९७९ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही दोघे सात-आठ वर्षांचे असू. दिवेलागणीला हा मुलगा अडखळू लागे. ओळखीच्या बोळात भिंतीला हात लावीत चाले. आम्ही मुले त्याला हसत असू. माझी आजी म्हणे, याला रातांधळेपणा झाला आहे, बकऱ्याची काळजी भाजून खायला घातली पाहिजे. आमचे घर शाकाहारी. आजीने हे ज्ञान कोठून मिळविले होते कोणास ठाऊक. पण ते बोलणे ओट्यावरच राहिले. पुढे त्या मुलाला गोवर आला आणि त्यातून उठला तो एका डोळ्याने अधू होऊन. गावाने देवीचा कोप म्हटले. आजोबांनी त्याच्या वडिलांना दोन पायल्या ज्वारी दिली.

आता जी गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी उमगली ती सांगतो. मारुतीच्या देवळाच्या मागे शेवग्याचे एक जुने झाड होते. त्याच्या शेंगा आम्ही आमटीत घालीत असू. पाला मात्र सप्ताहाच्या आदल्या दिवशी झाडून, गोळा करून उकिरड्यावर टाकला जाई. कारण देवळाचा परिसर स्वच्छ दिसला पाहिजे. त्या मुलाच्या डोळ्याला जे हवे होते ते त्या पाल्यात होते. आम्ही त्याला खीर वाढीत होतो आणि त्याचे औषध केरात टाकीत होतो.

हा दोष कोणाचा, याचा निवाडा करायला मी आलेलो नाही. आजोबा दयाळू होते. परंतु दया आणि पोषण या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे कळायला मला चाळीस वर्षे लागली. तेव्हा या दोहोंमधले अंतर आपल्या परंपरेत कोणी ओळखले का, एवढेच आज पाहायचे आहे.

अन्नदानाचा आपल्या वाङ्मयातला सर्वांत लाडका नायक म्हणजे मंगळवेढ्याचे दामाजीपंत. महिपतीबोवांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ती कथा येते, आणि येथे बसलेल्या बहुतेकांनी ती लहानपणी ऐकलेली आहे. बिदरच्या बादशहाचा हा अंमलदार. दुष्काळ पडला तेव्हा त्याने सरकारी कोठारे लोकांना खुली केली. बादशहाने त्याला बोलावून घेतले. वाटेत तो पंढरीला थांबला. आणि इकडे साक्षात पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन, बिदरला जाऊन धान्याचे मोल चुकते केले व पावती घेतली. कथेचा हा उत्तरार्ध आपल्याला पाठ असतो. कीर्तनकारही तेथेच रंगतात. मला मात्र पूर्वार्धातला एक लहानसा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. पंतांच्या घरी एक भुकेला ब्राह्मण जेवायला बसतो. पान वाढलेले असते आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. का, तर घरी पंढरपुरात बायकामुले उपाशी आहेत आणि आपण येथे जेवतो आहोत. दामाजीपंतांचे सर्व औदार्य त्या अश्रूंतून सुरू होते. पंगतीत बसलेल्याकडून ते पंगतीत नसलेल्यांकडे जाते.

अन्नदानाच्या आपल्या रूढ पद्धतीत नेमकी हीच जागा रिकामी राहिली. पंगतीला कोण येतो? ज्याला चालता येते, ज्याला बोलावणे येते, ज्याला मांडी घालून बसता येते. दीड वर्षाचे मूल पंगतीत बसत नाही. दिवस गेलेली सून बहुधा घरी भाकरी थापीत असते आणि सर्वांचे झाल्यावर उरलेले खाते. पोषणशास्त्र सांगते, की मुलाच्या शरीराची आणि बुद्धीची घडण सर्वांत वेगाने होते ती आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. त्या सुमारे हजार दिवसांत जे उणे राहते, ते पुढच्या कितीही मेजवान्यांनी पुरतेपणी भरून येत नाही. म्हणजे ज्यांना अन्नाची निकड सर्वांत अधिक, तेच आमच्या पंगतीत कधी नव्हते.

दुष्काळातली भूक आणि रोजची उणीव यांतला फरक येथे ध्यानात घेतला पाहिजे. दुष्काळात कोठार उघडणे हे जीव वाचविण्याचे काम आहे आणि त्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. १८७४ पासूनच्या दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण अन्नान्न करीत मरण पावली. हे पुराण सांगत देशभर फिरणारे विद्वान कुटुंब. हाती असलेले द्रव्य त्यांनी व्रतांत, तीर्थांत आणि दानधर्मात खर्चून टाकले होते. अन्नदान करणाऱ्यांच्याच घरी अन्न नाही, असा तो विलक्षण प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. आणि म्हणूनच की काय, १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेथून शेकडो मुली घेऊन आल्या, आणि केडगावला 'मुक्ती'ची वसाहत उभी राहिली. त्यांच्या धर्मांतरामुळे आपल्या समाजाने या कामाकडे दीर्घकाळ पाठ फिरविली. धर्मांतराविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. परंतु रमाबाईंनी त्या मुलींना जेवू घालून परत धाडले नाही. विहिरी खोदल्या, शेती केली, तेलाचा घाणा घातला, मुलींच्या हाताला काम दिले. भूक ही एका दिवसाची नसते हे त्यांना स्वतःच्या पोटावरून ठाऊक होते.

आता थोडे शास्त्राकडे वळतो, आणि त्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. तार्नाक्याला, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण तिच्या फाटकावरून वर्षानुवर्षे जात असतील. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला सुरू केलेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादेत आली. डॉ. सी. गोपालन हे तिचे पुढचे कर्तबगार संचालक. १९१८ ते २०१९ असे शतायुषी जीवन त्यांना लाभले. त्यांनी आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास एका गोष्टीकडे लक्ष वेधले. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर, आणि जवळजवळ केवळ ज्वारीवर, जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग दिसत होता. हातापायांची आणि मानेची उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, फाटते, अतिसार होतो, पुढे बुद्धीही भ्रमिष्ट होते. ज्वारीतल्या एका प्रथिनघटकाच्या अतिरिक्त प्रमाणाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. या उपपत्तीवर नंतर वाद झाले. ते शास्त्रज्ञांनी पाहावे. आपल्यासारख्यांना त्यातून घेण्याजोगी गोष्ट अशी, की पोट भरलेला माणूसही उपाशी असू शकतो. आमच्या आजोबांनी त्या गुराख्याला दिली ती ज्वारीच होती.

ज्वारीचा हा अपमान नव्हे. भाकरीबरोबर डाळ असेल, मूठभर शेंगदाणे असतील, एखादी पालेभाजी आणि वर थोडे तेल असेल, तर तेच जेवण उत्तम होते. धान्याच्या प्रथिनात जे उणे असते ते डाळीत असते आणि डाळीत जे उणे ते धान्यात. म्हणून वरण आणि भात यांची जोडी आपल्या पूर्वजांनी लावली ती केवळ चवीसाठी नव्हे. पालेभाजीतले 'अ' जीवनसत्त्व स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. भाजीवरची तेलाची फोडणी हे चोचले नव्हेत. पालेभाजीतले लोह लिंबाच्या फोडीबरोबर अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबरच्या चहाने अडते. हे ज्ञान महाग नाही. भूक, कर्ज, मजुरी आणि अज्ञान यांच्या कचाट्यात ते ताटापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

याच संस्थेतल्या अभ्यासातून बालकांना दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याची कल्पना पुढे आली आणि १९७० मध्ये तिचा देशव्यापी कार्यक्रम झाला. यकृत हे जीवनसत्त्व महिनोन् महिने साठवून ठेवते, म्हणून वर्षातून दोन मात्रा पुरतात. एक गमतीची गोष्ट सांगतो : चैत्रातले नवरात्र आणि आश्विनातले नवरात्र यांत बरोबर सहा महिन्यांचे अंतर आहे. देवीच्या यात्रेत दोन थेंब मुलाच्या मुखी पडले असते, तर देवीचा कोप पुष्कळसा टळला असता. आमच्या गावी १९७९ पर्यंत ते औषध कोणी आणल्याचे मला आठवत नाही. परंतु ही सोय एकाच जीवनसत्त्वापुरती आहे. प्रथिने, लोह आणि उष्मांक यांचा साठा असा होत नाही. त्यांचा हिशेब रोजचा आहे आणि आमचे अन्नदान वार्षिक.

हा रोजचा हिशेब ज्यांनी धर्मबुद्धीने हाती घेतला त्यांच्याकडे आता येतो. नगर जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, जामखेड हे दुष्काळी गाव. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य तेथे आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. ख्रिस्तावरील श्रद्धा हीच त्यांच्या कामाची प्रेरणा, हे त्यांनी कधी लपविले नाही. पण औषधाच्या बाटलीबरोबर धर्म विकायचा नाही, हेही पाळले. यापूर्वी ते नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. तेथे त्यांना जो अनुभव आला तो कोणत्याही सहृदय डॉक्टरला अस्वस्थ करील असा आहे. सुकून काडी झालेले मूल येई, बरे होऊन घरी जाई, आणि काही महिन्यांनी तेच मूल, किंवा त्याचे धाकटे भावंड, त्याच स्थितीत परत येई. येणाऱ्या रोगांपैकी बहुतेक टाळता येण्याजोगे होते. पण ते टाळायचे स्थान रुग्णालय नव्हते, चूल होती.

चुलीपर्यंत जायचे कसे? आरंभी त्यांनी खेड्यांत परिचारिका पाठवून पाहिल्या. शहरात शिकलेल्या त्या मुलींचे खेड्यात मन रमेना आणि खेड्यातल्या बायकांना त्या आपल्याशा वाटेनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. निवडल्या गेल्या त्यांतल्या कितीतरी दलित होत्या, कितीतरी निरक्षर होत्या, काहींना नवऱ्याने टाकले होते. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकाच खोलीत झोपत, शिकत आणि परत जात. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका ताटलीतून भाकरी मोडून घेणे, हा त्या प्रशिक्षणातला पहिला आणि बहुधा सर्वांत अवघड धडा होता. माझ्या गावच्या वेशीकडच्या पंगतीची आठवण झाली, की मला या गोष्टीचे मोल कळते.

त्या बायकांचे मुख्य हत्यार कोणते? वजनकाटा. झाडाच्या फांदीला नाहीतर देवळाच्या तुळईला काटा टांगायचा, पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला त्यात बसवायचे, आणि गेल्या वेळेपेक्षा वजन वाढले की नाही ते आईला दाखवायचे. दंडाचा घेर मोजायचा. गावच्या तरुण शेतकरी मंडळातले गडीही या कामात उतरले. ज्यांनी शेळीचे वजन हाताने अजमावावे पण पोराचे कधी अजमावले नव्हते, असे हे बापे. मूल रोडावते ते करणीने, दृष्टीने किंवा देवाच्या कोपाने, अशी ठाम समजूत होती. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा काट्याकडे बोट दाखविणे सोपे होते. महिन्याभर मुलाला नीट चारले आणि काटा हलला, की देव आपोआप निर्दोष ठरे.

नीट चारणे म्हणजे तरी काय? लहान मुलाचे पोट लहान असते. मोठ्या माणसांसारखे दोन वेळा वाढून ते भरत नाही. भाकरीचा जाडाभरडा घास त्याला पुरेसा खाताच येत नाही. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे, मऊ. भाकरी डाळीत कुस्करून, शेंगदाण्याचे कूट घालून, वर तेलाचा थेंब, आणि पालेभाजी. जुलाब लागले तर खाणेपिणे बंद करायचे नाही. बाळाच्या जन्मानंतरचे पहिले पिवळसर दूध पिळून टाकून तीन दिवस गुळाच्या पाण्याचे बोट चोखवायचे नाही. ते दूध हीच त्याची पहिली लस. गरोदर बाईने 'बाळ मोठे होऊन अडेल' या भीतीने कमी खायचे नाही. यांतल्या एकाही गोष्टीला पदवी लागत नाही. पण शेजारच्या घरातली, त्याच विहिरीचे पाणी भरणारी बाई जेव्हा हे सांगते, तेव्हा ते उपदेश वाटत नाही.

१९७२ च्या दुष्काळात जामखेडच्या भागात मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले. पण आरोळ्यांना पुढे दिसले ते असे, की बाहेरून येणारे धान्य थांबले की ताटही थांबते. म्हणून विहिरी, बांधबंदिस्ती, झाडे, भाज्या हे सारे आरोग्यातच आले. विंधनविहिरींची एक गोष्ट सर्वश्रुत आहे. पाणी कोठे लागेल हे दाखवायला आलेल्या तज्ज्ञाला डॉ. आरोळ्यांनी सांगून ठेवले, की खुणा दलित वस्तीतच करायच्या. पाणी तेथे लागले, आणि घागरी घेऊन साऱ्या गावाला त्या वस्तीत यावे लागले. मला वाटते, महिपतीबोवांना ही कथा सांगितली असती तर त्यांनी तिला 'भक्तविजया'त जागा दिली असती. बिदरच्या दरबारात पैशाची थैली घेऊन जाणारा विठू महार आणि खांद्यावर वजनकाटा टाकून गावकुसाबाहेरून गावात येणारी जामखेडची बाई, यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

आकडे थोडक्यात सांगतो. १९७१ मध्ये त्या भागात दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा ३० च्या खाली आला. पाच वर्षांखालच्या मुलांतले कुपोषणाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास उतरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ मधल्या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आले, १९७९ मध्ये उभयतांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये.

यावरून केवळ ख्रिस्ती संस्थांनीच हे केले, असा अर्थ कृपया काढू नये. तुमकुरूच्या सिद्धगंगा मठात शिवकुमार स्वामींच्या हयातीत हजारो विद्यार्थ्यांना, जातपात न विचारता, रोज जेवण व शिक्षण मिळत राहिले. नांदेडच्या गुरुद्वाराचा लंगर आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला आहे. तेथे एकाच ओळीत बसावे लागते, हेच त्याचे निम्मे पुण्य. गाडगेबाबांनी यात्रेतल्या आंधळ्या-पांगळ्यांना शोधून जेवू घातले. आपल्या शहरात २०१४ मध्ये महानगरपालिकेने हरे कृष्ण मूव्हमेंटच्या साहाय्याने पाच रुपयांत जेवणाची केंद्रे काढली तेव्हा मजुरांच्या रांगा आपण पाहिल्या. धर्मसंस्थांपाशी स्वयंपाकघर असते, नियमितपणा असतो, राबणारे हात असतात, आणि मुख्य म्हणजे लोकांचा विश्वास असतो. सरकारी योजनेला यांपैकी एखादी गोष्ट मिळाली तरी भाग्य.

पण श्रद्धा जशी हात देते तशी कधी हात बांधतेही. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने बिदर, कलबुर्गी, रायचूर, विजयपुरा अशा सात मागास जिल्ह्यांतल्या शाळांत मुलांना उकडलेली अंडी द्यायला आरंभ केला. जे खात नसतील त्यांना केळी. त्याला काही मठाधिपतींनी आणि जैन संघटनांनी विरोध केला. पुढच्या वर्षी सरकारने योजना राज्यभर नेली हे खरे. तरी दामाजीपंतांचे मोल ज्या बिदरात चुकते झाले, त्याच बिदर जिल्ह्यात मुलाच्या ताटातल्या एका अंड्यावरून धर्म आडवा यावा, याचे मला वाईट वाटले. मी स्वतः अंडे खात नाही, खाणार नाही. पण माझे व्रत माझ्या ताटापुरते आहे. ज्याच्या घरी ते चालते आणि परवडत नाही, त्याच्या मुलाच्या ताटातून ते उचलण्याचा अधिकार मला माझ्या व्रताने दिलेला नाही. या मताशी येथे अनेक जण सहमत नसतील. व्याख्यानानंतर चहा आहे, तेव्हा बोलू.

प्रश्न जुना झाला, असे मात्र कोणी समजू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालच्या दर शंभर भारतीय मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटात ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. या देशात दर वर्षी किती महाप्रसाद होतात याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता शेवटचे. गेल्या वर्षी सप्ताहाच्या आधी मी गावी गेलो. आजोबांची जबाबदारी आता माझ्या चुलतभावाकडे आहे. मी समितीपुढे भीत भीत दोन सूचना मांडल्या. एक, महाप्रसादाच्या वरणात शेवग्याचा पाला घालावा आणि बुंदीऐवजी शेंगदाणा-गुळाचे लाडू करावेत. दुसरी, सप्ताहाच्या निधीतला चौथा हिस्सा बाजूला काढून वर्षभर अंगणवाडीतल्या लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या खाण्याला जोड द्यावी. समितीतले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "मास्तर, देवाच्या पंगतीत पाला वाढायचा? लोक काय म्हणतील?" दुसरे म्हणाले, अंगणवाडीत अंडी देतात, तेव्हा सप्ताहाचा पैसा तेथे जाता कामा नये. बराच वाद झाला. एका कोपऱ्यात माझ्या वयाचा एक गृहस्थ बसला होता. एक डोळा अधू. आता तो समितीचा सभासद आहे. त्याची सून त्या अंगणवाडीत मदतनीस आहे. तो इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "पाला मी स्वतः आणतो. झाड अजून उभं हाय."

वरणात पाला पडला. बुंदी मात्र कोणी सोडली नाही, लाडू तिच्या जोडीला आले. अंगणवाडीसाठी चौथा हिस्सा मिळाला नाही, दहावा मिळाला. त्यातून शेंगदाणे, गूळ आणि तेल घ्यायचे, दुसरे काही नाही, अशा अटीवर. माझ्या चुलतभावाने तो खर्च सप्ताहाच्या वहीत लिहिला आहे. अन्नदान या सदराखाली नव्हे. किरकोळ या सदराखाली. या वर्षी वही पुन्हा समितीपुढे येईल तेव्हा सदर बदलावे असा अर्ज मी दिलेला आहे.